रंगविलासचे अकरा रांजण

सावळीराम वारला हे मला तीन महिन्यांनी कळलं. पेठ नाक्यावर बसची वाट बघत उभा होतो. तिथे त्याच्या गावचा एक माणूस भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, ‘तुमचा तो टाकीजवाला म्हातारा पावसाळ्यात गेला ना.’ मी ‘अरेरे’ म्हटलं. पण खरं सांगतो, आधी मला हायसं वाटलं होतं. मग त्या हायसं वाटण्याची अशी लाज वाटली की समोर आलेली बस मी सोडून दिली. ही २००६ सालची गोष्ट. तेव्हापासून हे लिहायचं म्हणतोय आणि टाळतोय.

मी गोरक्ष. मूळचा वणीकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. डिप्लोमा करून बांधकामावर सुपरवायझर झालो, नाशकात इंदिरानगरला फ्लॅट घेतला. माझं तोंड वाईट आहे, हे गवंडी सांगतात आणि बायकोही सांगते. पण माझ्या तोंडामुळे झालं नाही इतकं वाईट मी एकदा खरं पोटात ठेवल्यामुळे झालं, आणि ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

रंगविलास म्हणजे मेनरोडच्या मागच्या बोळातलं जुनं नाटकाचं थिएटर. एकोणसत्तर साली मालकांनी त्याची टॉकीज केली. स्टेजवर विटांची भिंत घालून तिच्यावर पडदा लावला आणि नक्षीच्या सागवानी खांबांना हिरवा ऑइलपेंट फासला. अठ्ठ्याण्णवला टॉकीजही बंद पडली. चार वर्षं तिथे पारवे राहिले. मग मालकांचे नातू किशोरशेठ यांनी मनावर घेतलं, की आजोबांचं थिएटर होतं तसं परत उभं करायचं आणि सिंहस्थाच्या आधी उघडायचं. त्यांनी पुण्याहून उज्वला मॅडमना आणलं. जुन्या इमारतींच्या कामातल्या त्या जाणकार, पण पंधरा दिवसांतून एकदा यायच्या. बाकीचे दिवस साइटवर माझं राज्य होतं.

सावळीराम तिथेच राहायचा, मागच्या अंगाच्या एका खोलीत, बायको लंकाबाईसोबत. पेठकडच्या डोंगरातला माणूस. पंधराव्या वर्षी नाशकात मजुरीला आला तो रंगविलासमध्ये पडदा ओढायच्या कामाला लागला. नाटकं गेली तेव्हा डोअरकीपर झाला, बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवू लागला. टॉकीज गेली तेव्हा वॉचमन झाला. पगार नावालाच होता, पण खोली होती. दोघांना मूलबाळ नव्हतं. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, आणि मी त्याला अरेतुरे करायचो. तो मला साहेब म्हणायचा.

काम सुरू झालं त्या आठवड्यात आम्ही स्टेजवरची विटांची भिंत पाडली. धूळ बसल्यावर सावळीराम म्हणाला, ‘सायेब, तुम्ही जरा तिकडं मागच्या खांबापाशी उभं राहा.’ मला कामं होती. मी म्हटलं, ‘हे काय खूळ काढलंस?’ पण गेलो. तो स्टेजच्या मधोमध उभा राहिला आणि कानात सांगावं इतक्या हळू बोलला, ‘सायेब, जेवला का?’ शेवटच्या खांबापाशी मला ते असं ऐकू आलं की मी चमकून शेजारी बघितलं. तो तिकडे स्टेजवर हसत होता. दात दोन-तीनच राहिले होते त्याचे.

मग त्याने मला स्टेजखाली नेलं. बाजूला एक छोटं दार होतं, कुलूप लावलेलं, आणि किल्ली त्याच्या कमरेच्या करदोड्याला. आत वाकून जावं लागायचं. बॅटरीच्या उजेडात बघतो तर जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे मोठाले रांजण, तोंडं उघडी, दोन रांगांत मिळून अकरा. पूर्वी माइक नव्हते, म्हणून आवाज घुमावा यासाठी बांधणाऱ्यांनी ते बसवले होते. दहा रिकामे होते. अकराव्यात अर्ध्यापर्यंत वाळू होती. मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ‘याचा आवाज फाटायचा. जुन्या तबलजींनी वाळू घालून त्याला गप केला.’ रांजणांमुळे खरंच आवाज वाढतो का, यावर शिकलेली माणसं वाद घालतात म्हणे. मला वाद घालायचा नाही, मी ते ‘जेवला का’ ऐकलेलं आहे.

दरवर्षी खंडेनवमीला सावळीराम त्या दारातून आत जायचा, प्रत्येक रांजण आतून कोरड्या फडक्याने पुसायचा, तोंडाच्या काठावर झेंडूचं फूल आणि एक नाणं ठेवायचा. कारागीर आपली हत्यारं पुजतात तसंच. नाटकं बंद होऊन तेहतीस वर्षं झाली होती, वर आधी लाउडस्पीकर ओरडत होते, मग पारवे घुमत होते आणि हा खाली रांजण पुसत होता. टॉकीजमधली पोरं म्हणायची, म्हातारा खाली सोनं राखतोय. तो नुसता हसायचा.

इथे माझी गोष्ट सुरू होते. आमच्या वणीकडे प्रत्येक गावात हंडा सापडल्याची एक तरी कथा असतेच. अमक्याच्या नांगराला कडी लागली, तमक्याने भिंत पाडली आणि दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टर आणला. लहानपणी मी ते जेवणासोबत खाल्लेलं आहे. आवाज गप्प करायला वाळू, हे माझ्या डिप्लोम्याला पटत होतं, पण रक्ताला पटत नव्हतं. उगाच कुणी रांजणात वाळू भरतं का? आणि तेहतीस वर्षं कुणी उगाच कुलूप राखतं का?

त्या साली दसऱ्यानंतरच्या रविवारी साइटला सुट्टी होती. सावळीराम आणि लंकाबाई सकाळीच गावी गेले होते, कुणाच्या तरी लग्नाचं ठरवायला. त्या दाराची दुसरी किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होती आणि ते फक्त मला माहीत होतं. भर दुपारी बाराला मी पहार घेऊन आत गेलो. आधी वाळू उपसली. तळाशी काही नव्हतं. तेवढ्याने थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मला वाटलं, रांजणाच्या खाली असेल. पहार घातली. रांजण मधोमध फुटला. त्याच्या खाली मुरूम होता, आणि मुरमाखाली मुरूम. घामाने निथळत मी त्या खड्ड्यात बसलो होतो, हातात पहार, समोर वाळलेली झेंडूची फुलं. आजही ते आठवलं की अंगावरचे कपडे नकोसे होतात.

सोमवारी नेमक्या मॅडम आल्या, सोबत किशोरशेठ. मॅडमना रांजणांची मापं घ्यायची होती. सावळीराम आदल्या रात्रीच गावाहून परतला होता. त्याने दार उघडलं, आत गेला आणि बाहेर आला तो तोंड पांढरंफटक. ‘कुणीतरी फोडला वो,’ एवढंच बोलला आणि मटकन खाली बसला. किशोरशेठनी विचारलं, ‘किल्ली कुणाकडे असते?’ सगळे सावळीरामकडे बघायला लागले. मग शेठ माझ्याकडे वळले. ‘गोरक्ष, दुसरी किल्ली आहे का?’

मी म्हणालो, ‘नाही.’

तेवढंच. बाकी सगळं त्या एका शब्दातून आपोआप निघालं. किशोरशेठ भडकले. माझं तोंड, जे गवंड्यांवर दिवसभर चालायचं, ते आता सावळीरामवर चालायला लागलं. आपण ओरडलो की आपल्यावर संशय येत नाही, हे मला त्या क्षणी कुणी न शिकवता समजलं. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजतोस?’ असं मी त्याला पंचवीस मजुरांसमोर म्हणालो. त्याची पिशवी जमिनीवर रिकामी करायला लावली. आत एक फडकं, बॅटरी आणि नवसाच्या पैशांसारखी बांधून ठेवलेली नाण्यांची पुरचुंडी निघाली, अकरा नाणी, दसऱ्यानंतर उचललेली. ती बघून शेठ म्हणाले, ‘हे बघा, सापडलं.’ रुपया-रुपयाची नाणी होती. लंकाबाई खोलीच्या दारात उभी होती. ती पुढे येऊन सांडलेली नाणी वेचायला लागली.

शेठ पोलिसात द्यायला निघाले होते. मी म्हटलं, म्हातारा माणूस आहे, जाऊ द्या, कामावरून काढा. हे दयेने म्हटलं असं वाटेल तुम्हाला. पोलिस आले असते तर ड्रॉवर उघडला असता, म्हणून म्हटलं. दोन दिवसांत दोघं खोली सोडून गावी गेले. पत्र्याची एक पेटी आणि दोन गाठोडी, सत्तेचाळीस वर्षांचा संसार तेवढाच. रिक्षा मीच बोलावून दिली.

त्यानंतर मला ते दार डोळ्यांसमोर नको झालं. मॅडमना सांगितलं, लोक सोन्यासाठी खणतायत, उद्या स्टेज खचलं तर जबाबदारी कुणाची? त्या म्हणाल्या, ‘माझा अभ्यास होईपर्यंत थांबा.’ पुढचे पंधरा दिवस त्या आल्या नाहीत आणि मी थांबलो नाही. उरलेले दहा रांजण डबर टाकून भरले, वर सिमेंट काँक्रीट ओतलं, ते छोटं दार विटांनी बंद केलं. मॅडम चिडल्या, पण स्टेजला तडा दिसला होता असं मी ठोकून दिलं आणि त्यांनी कागदावर सही केली. बाकी काम मात्र मी असं केलं की कुणी नाव ठेवू नये. हिरवा रंग खरवडून खांबांवरचे मोर मोकळे केले. बाल्कनीचा कठडा जुन्या फोटोवरून सुताराकडून तसाच घडवून घेतला. चुना पंधरा-पंधरा दिवस भिजवून मळून घेतला. मला वाटत होतं, एवढं केलं की फिटेल.

पाडव्याला सकाळी दहा वाजता रंगविलास उघडलं. गुढी, सनई, रांगोळी, पहिल्या रांगेत गावातली मोठी माणसं. जुन्या पद्धतीचं थिएटर, म्हणून माइक न लावता नाटक करायचं असं ठरलेलं. पडदा वर गेला, नटाने तोंड उघडलं आणि पाचव्या रांगेपलीकडे काही पोचेना. आधी लोक पुढे वाकून ऐकत राहिले. मग मागून कुणीतरी ‘आवाज’ म्हणालं. मग बाल्कनीतून, मग सगळीकडून, ‘आवाज, आवाज.’ नट घसा ताणून बोलायला लागला तसं सगळंच हास्यास्पद झालं. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या, डोळ्यांत पाणी. मध्यंतरात धावपळ करून भाड्याचे माइक आणले. मी विंगेत उभा होतो, पायाखाली माझंच काँक्रीट. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, मला ते शब्दशः वाटत होतं. पण जमीनसुद्धा मीच पक्की करून ठेवलेली.

नाटक संपल्यावर माणसं आवारात जेवायला गेली, श्रीखंड-पुरीची पंगत होती. मी आत वायर गुंडाळत होतो. शेवटच्या खांबापाशी कुणीतरी उभं दिसलं. सावळीराम. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. पहाटेच्या एसटीने आला होता आणि तिकीट काढून मागे बसला होता.

मी खाली उतरून त्याच्याजवळ गेलो. त्याने मला वाकून नमस्कार केला. ‘सायेब, लय झ्याक केलंत. मोर पुन्हा दिसले.’ मग हळूच म्हणाला, ‘तुम्ही होता म्हणून मला पोलिसात नाय दिलं. लंका रोज तुमचं नाव काढते.’ तो पुढे म्हणाला, ‘आवाजाचं काय झालं वो? माझे कान गेले का काय? तुम्ही तिकडं जाऊन जरा हळू बोला बरं. मी हितं उभा ऱ्हातो.’

मी स्टेजवर गेलो. मधोमध उभा राहिलो, तो उभा राहायचा तिथेच. बाजूचं दार आवाराकडे उघडं होतं, तिथून किशोरशेठचं हसणं ऐकू येत होतं. मी ठरवलं, आत्ता नाही तर कधीच नाही. आणि म्हणालो, ‘बाबा, रांजण मी फोडला. दुसरी किल्ली माझ्याकडे होती.’ त्याने मला शिकवलं होतं तितक्याच हळू बोललो. जुन्या रंगविलासमध्ये ते त्याच्या कानात पडलं असतं.

त्याने कानामागे हात धरला. ‘काय म्हणता? नाय ऐकू येत. जोरात बोला.’

मी दाराकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आणि मोठ्याने म्हणालो, ‘जेवलात का, म्हटलं.’

हे त्याला ऐकू गेलं. तो हसला आणि नाही म्हणून मान हलवली. पंगतीत किशोरशेठ बसले होते, म्हणून मी त्याला तिकडे नेलं नाही. कागदात चार पुऱ्या आणि द्रोणात थोडं श्रीखंड घेऊन मागच्या फाटकापाशी आणून दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, आणि लंकाबाईसाठी दोन पुऱ्या वेगळ्या बांधून एसटी स्टँडकडे चालू लागला.