टपावरचा हंडा

ती केस विसरता आली असती तर बरं झालं असतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. चोऱ्या, मारामाऱ्या सगळ्या एकमेकांत मिसळून गेल्या. ही एक मात्र जशीच्या तशी आठवते. नावं सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून इथंच राहतात.

मी सातवी शिकलेली. नवरा पोलिसात होता, तो वारल्यावर मला नोकरीत घेतलं. तेव्हा मी कोल्हापूरच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्यात हवालदार होते.

एप्रिलमधली दुपार होती. गडहिंग्लजकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक मोटारसायकलवाला पडलाय, असा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा तो जिवंत होता. सरकारी दवाखान्यात नेताना वाटेत गेला. कसबा बावड्याचा वेल्डर, वय छत्तीस. डोक्याच्या एकाच बाजूला मार होता. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणला असता तर कदाचित वाचला असता.

आम्ही घटनास्थळाचा पंचनामा केला. दुसरी गाडी नाही, काचा नाहीत, ब्रेकच्या खुणा नाहीत. साहेबांना वाटलं, वेगात घसरला असेल. मला गवतात दोन वस्तू सापडल्या. हातभर पिवळी नायलॉनची दोरी, एक टोक तुटून पिंजारलेलं. आणि हळदीत बुडवलेला दोरा, त्याला आंब्याचं सुकलेलं पान.

साहेब म्हणाले, "कुणी देवाला गेलं असंल. टाका ते."

मी टाकलं नाही. लेकीला सासरी द्यायच्या नव्या भांड्याची पूजा करून त्याच्या गळ्यात असा दोरा बांधतात, हे पुरुषांना कशाला माहीत असणार? दोन्ही वस्तू पाकिटात घातल्या आणि पंचनाम्यात लिहायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. तो त्या दिवशी एका जत्रेचं जेवण जेवून परत येत होता. म्हणजे पिऊन पडला, असा निकाल लोकांनी देऊनही टाकला होता. रक्ताचा अहवाल यायला महिने लागतात. लोकांचा अहवाल लगेच येतो.

ती म्हणाली, "त्येनं थेंबबी घेतला न्हवता. माझ्या पोरींस्नी शाळेत बेवड्याच्या पोरी म्हणत्यात. मला दुसरं काय नको. तेवढं कागदावर लिवा."

त्यानंतर ती रोज यायची. पाण्याची बाटली घेऊन बाकावर बसायची. ठाणे अंमलदार वैतागले. "मावशी, रोज येऊन काय हुतंय?"

"न्हाय आलं तर तुमी ध्यानात तरी ठेवणार हाय का?"

खरंच होतं ते.

दहाव्या दिवशी खबर आली, तीही तिच्यामुळंच. त्या रस्त्यावर एक रसवंती आहे. नवऱ्याचा फोटो घेऊन ती तिथं गेली होती. रसवंतीवाल्यानं तिला काही सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ठाण्यात येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"बाई, मी बगितलंय. पांढरी बारकी गाडी हुती. ती मागनं सरळ कापल्यागत असत्यात बगा, तसली. टपावर कॅरिअर, त्येच्यावर गाद्या, खुर्च्या, ही एवढी चळत. सगळ्यांत वर तांब्याचा हंडा. वळणाला हंडा सुटला आन् समोरनं येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या टाळक्यात बसून त्येच्या गाडीवर आपटला. गाडी थांबली. दोघं उतरलं. म्हटलं, उचलत्यात त्येला. त्येंनी हंडा उचलला आन् गेलं."

"आणि तू काय केलंस?"

"मी काय करू की? मागनं कोण तरी येईल म्हटलं. कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार?"

"दहा दिवस झोप लागली का रे?"

गाडीचा नंबर त्यानं बघितला नव्हता.

पुढचं काम पायाचं होतं. लग्नाचं सामान गडहिंग्लजच्या बाजूला गेलं होतं, एवढं कळलं होतं. त्या आठवड्यात तिकडं कोणाकोणाची लग्नं झाली, ते मंगल कार्यालयांतून लिहून आणलं. कोल्हापूरची मुलगी दिलेली घरं सात निघाली. वर्दीतला पोलीस दारात गेला असता तर हंडा माळ्यावर गेला असता. साहेबांनी मला साध्या साडीत पाठवलं. बाईमाणूस स्वयंपाकघरापर्यंत जाते, तिथं वर्दी पोचत नाही.

पाचवं घर. दार नव्या सुनेनं उघडलं. हातातला हिरवा चुडा अजून नवा होता.

मी म्हणाले, "लांबनं आलोय बाळ, पाणी दे."

तिनं मला आत पाटावर बसवलं. कोपऱ्यात तिवईवर तांब्याचा हंडा होता. त्यातूनच तिनं तांब्या भरला. हंड्यावर तिचं नाव आणि खाली 'आई-बाबांकडून' असं कोरलेलं होतं. गळ्याखाली मोठा पोचा होता.

"नवा दिसतोय. एवढ्यात पोचा आला?"

"वाटंत टपावरनं पडला म्हणं," ती हसली. "बाबांनी स्वतः उभं राहून नाव घालून घेतलं हुतं. सासूबाई म्हणाल्या, ठोकून आणूया. मीच नको म्हटलं. बाबांनी मांडीवर घेऊन आणलाय तो."

पोच्यात काळ्या रंगाचा ओरखडा होता. मोटारसायकल काळीच होती. मी पाणी प्यायले, गूळ खाल्ला. तिनं मला कुंकू लावलं. मी बाहेर येऊन साहेबांना फोन केला.

मुलीचा बाप शिवाजी पेठेत शिवणकाम करायचा. गाडी तिच्या मामाची, तोच चालवत होता. दोघांना ठाण्यात आणलं. मामा तयारीचा माणूस. "गाडी कुठं थांबलीच न्हाई साहेब. हंडा घरात पडलाय." कॅरिअरला पिवळी दोरी अजून होती, तर म्हणाला, असली दोरी बाजारात कुठंही मिळते. साहेब तासभर ओरडले. बाप काहीच बोलला नाही.

ओरडून माणूस बोलत नाही. कामाचं विचारलं की बोलतो. मी बापाला म्हणाले, "गोल भांड्याला दोरी धरत न्हाई. मग पुढं गडहिंग्लजपतोर नेलासा कसा? परत बांधला का?"

"न्हाई वो. परत पडंल म्हणून मांडीवर घेतला."

मामानं कपाळावर हात मारला. आपण काय बोललो ते बापाच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग त्यानं सगळं सांगितलं.

"डिकीत का ठेवला नव्हता?"

"डिकीत लाडवाच्या बुट्ट्या हुत्या. खायाची वस्तू टपावर उन्हात कशी ठेवायची? आन् हंडा वर असला की दिसतोय. वाटंनं लोक बगत्यात, पोरीला काय काय दिलंय ते."

"माणूस दिसला?"

"दिसला."

"हलत होता?"

"व्हय. हात हलवत हुता."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी लगीन हुतं, बाई. तितं थांबलो असतो तर पोलीस आलं असतं. पोरीच्या हंड्यानं माणूस मेला म्हटल्यावर कोण पदरात घेणार तिला? मी म्हटलं, मागनं कोण तरी येईल."

रसवंतीवाल्याचे आणि त्याचे शब्द एकच होते.

हंडा जप्त करायला पंच घेऊन मलाच जावं लागलं. आता वर्दीत. मुलीनं मला ओळखलं. हंड्यातलं पाणी बादलीत ओतलं, पदरानं हंडा आतून-बाहेरून पुसला आणि माझ्या हातात दिला. सासू दारात उभी होती. मुलगी रडली नाही. एवढंच विचारलं, "त्या दिवशी तुमाला खरंच तहान लागलती का?"

"न्हाय," मी म्हणाले.

पंचनाम्यावर सह्या झाल्या. मी हंडा पोत्यात घातला.

रंग जुळला, दोरी जुळली. रक्ताचा अहवालही आला. दारूचा थेंब नव्हता. त्या बाईनं कागदाची नक्कल घेतली, मुलींच्या शाळेत गेली आणि हेडमास्तरांना तो मोठ्यानं वाचायला लावला. त्यानंतर ती ठाण्यात आली नाही. तिचा बाक बरेच दिवस रिकामा वाटायचा.

खटला संपला, दोघांना शिक्षा झाली. मुलीचा संसार मोडला नाही. ज्याला भिऊन बाप पळाला ते झालंच नाही. पण सुटून आल्यावर तो तिच्या दारात कधी गेला नाही. हंडा घेऊन जा म्हणून नोटीस काढली. कोणी आलं नाही.

मी पुष्कळ खुनी बघितले. हा बाप त्यांच्यातला नव्हता. त्यानं लाडवाला सावलीची जागा दिली, हंड्याला मांडी दिली. गाडी भरताना तो चुकला, तेवढ्यावर भागलं असतं. माणसाला गाडीत जागा नाही, असं त्यानं खाली उतरल्यावर ठरवलं. नंतर रस्त्यानं टपावर सामान बांधलेली बारकी गाडी दिसली की मी ती थांबवायची आणि दोरी ओढून बघायची. लोक हसायचे. हसू देत.

मी केलं ते कामच होतं. पुन्हा वेळ आली असती तरी तसंच केलं असतं. पण तहान नसताना कुणाच्या दारात पाणी मागितलं, ते तेवढंच एकदा.