इंजिनाला लावलेला कान

"नवी घ्या साहेब. आता हिच्यात काही राहिलं नाही," आमचे भायखळ्याचे मेकॅनिक बाबांना म्हणाले, आणि मी जुन्या सेडानच्या मागच्या सीटवर दचकले.

लहानपणापासून बघतेय, ते इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवतात, त्याच्या मुठीला कान लावतात आणि डोळे मिटतात. तेवढा वेळ सगळी गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी शांत वाटते. मग एखादाच शब्द येतो: "खोकते." नाहीतर, "रुसलीये."

शोरूमच्या माणसाने चालवून बघायला आणलेल्या उंच एसयूव्हीलाही त्यांनी तसाच कान लावला.

"ही काही बोलतच नाही," ते हसले. "चांगली आहे. फक्त माझ्याकडे येणार नाही, दुरुस्तीला कंपनीतच जाईल."

मग फडक्याला हात पुसून त्यांनी आमच्या सेडानचं बॉनेट दोन्ही तळव्यांनी हलकेच दाबून बंद केलं. एरवी ते धाडकन आपटतात.

शोरूमवाल्याने एक्स्चेंजचा कागद पुढे केला. बाबा खिशात पेन शोधू लागले. लायसन्स काढून वर्ष झालं, तरी गाडी मागायला मला कधी तोंड उघडवलं नव्हतं. मी काच खाली केली.

"बाबा, ही देऊ नका. मी चालवीन."