दीड वीत पाणी

तलाव पंचवीस मीटर लांब आहे, असं प्रमाणपत्र मी माझ्या सहीने दिलं होतं. तो पंचवीस मीटर नव्हता. टेप चांगला होता, टेप धरणारे खलाशी, म्हणजे आमच्या खात्याचे मदतनीस, अनुभवी होते. चूक माझी होती. एका मुलीने ती मला वेळेवर दाखवली आणि मी तिला हसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मला चांगलं दिसायची सोय नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. मी वर्ध्यात नवा ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे कामावर उभं राहून मापं घेणारा आणि ती मेजरमेंट बुकात लिहिणारा माणूस. शहरात एका संस्थेने पोहण्याचा तलाव बांधला होता. त्या काळी राज्याच्या संघाची पहिली निवड कागदावर होत असे. पोहणाऱ्याने आपल्याच जिल्ह्याच्या तलावात पोहायचं, तीन जणांनी स्टॉपवॉच लावायचं, आणि आलेला टाइम फॉर्म भरून पाठवायचा. ठरलेल्या वेळेच्या आत असेल तर पुढचं बोलावणं. फॉर्मसोबत तलावाच्या लांबीचं प्रमाणपत्र लागे. ते द्यायला साहेबांनी मला पाठवलं.

तलावात पाणी होतं. मला पोहता येत नाही. मी दोन खलाशी दोन टोकांच्या काठांवर बसवले, टेप ताणायला लावला आणि वाचला. बरोबर पंचवीस. नकाशातही पंचवीस. सही केली, चहा घेतला, निघालो.

त्या तलावात कुसुम भगत पोहत असे. वय सतरा. अल्लीपूरकडच्या एका खेड्यातली. बाप गिट्टीच्या खदानीत मजूर. गावच्या विहिरीत त्या घरच्या लेकरांना कोणी उतरू देत नसे, म्हणून ती पावसाच्या पाण्याने भरलेल्या बंद खदानीत पोहायला शिकली. वर्ध्याला मावशीकडे शिकायला आली तेव्हा गुल्हाने सरांनी, म्हणजे तलावावरच्या प्रशिक्षकांनी, तिला हेरलं. सर सांगत, "या पोरीले मी काहीच शिकवलं नाई. फक्त सरळ जा म्हटलं. खदानीत हे गोल गोल फिरत होती."

दोनशे मीटर फ्रीस्टाइल ही तिची शर्यत. म्हणजे तलावाच्या आठ लांब्या. पहिल्या वर्षी तिचा टाइम ठरलेल्या वेळेपेक्षा सेकंदभर जास्त आला. बोलावणं आलं नाही.

त्यानंतर ती नागपूरला एका खुल्या स्पर्धेला गेली आणि पहिली आली. परत आल्यावर आठवड्याभरात मी फिल्टरच्या दुरुस्तीसाठी तलावावर गेलो होतो. ती ओल्या केसांनी समोर येऊन उभी राहिली.

"साहेब, तुमचं टाकं लांब हाय."

"काय?"

"नागपूरले एका लांबीले अठरा हात लागते. अठरावा हात भिंतीवर पडते. इथं अठरा हात मारले तरी वीत-दीड वीत पाणी उरते. रोज मोजून राह्यली मी."

सर मागून ओरडले, "घरी आळस अन् नागपूरले जोर! काऊन गं, इथं कोणी टाळ्या वाजवत नाई म्हणून?"

मीही बोललो. तेच शब्द अजून कानात आहेत. म्हणालो, "स्टीलचा टेप आहे पोरी, तो थकत नाही. तुझे हात थकतात."

सगळे हसले. काठावर बसलेल्या मुली तर फारच. टेप माझ्या सायकलच्या कॅरिअरला अडकवलेला होता. तो काढून पुन्हा मोजायला दहा मिनिटं लागली असती.

दुसऱ्या वर्षी तिने जिवाच्या आकांताने तयारी केली. सकाळी तलाव, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा तलाव. टाइम आला आणि अर्ध्या सेकंदाने हुकली. तिच्या बापाने सरांना सांगितलं होतं, "यंदा नाव नाई आलं त सोयरिक पाहू." नाव आलं नाही. पाहुणे येऊ लागले. तिच्या मायने एकेका पाहुण्यात खोट काढून कसंबसं एक वर्ष ढकललं.

तिसऱ्या वर्षी नियम बदलला. कागदावरची निवड बंद झाली, सगळ्यांना नागपूरला समक्ष बोलावलं. कुसुम तिथे ठरलेल्या वेळेच्या दोन सेकंद आत आली. लोक म्हणाले, नागपूरचं पाणी तिला मानवतं. मीही तेच म्हणालो.

पुढचं जिल्ह्याला माहीत आहे. त्याच वर्षी ती राज्यात पहिली आली. नंतर राष्ट्रीय स्पर्धेत पदक आणलं, तेही एकदा नाही. नर्सिंग करून सेवाग्रामला दवाखान्यात लागली. ड्यूटीच्या आधी पहाटे सायकल मारत वर्ध्याला येऊन पोहायची. लग्न झालं, मुलगा झाला. आता संपलं, असं सरसुद्धा म्हणाले. वर्षभराने ती परत आली आणि कॉलेजच्या पोरींना मागे टाकून पुन्हा राज्यात पहिली. बरोबरीच्या मुली कधीच पोहणं सोडून संसाराला लागल्या होत्या. ही तिशीला टेकली तरी स्टार्टिंग ब्लॉकवर उभी. तिला शेवटच्या लांबीत मी कितीदा पाहिलं आहे. इतरांचे हात जड व्हायचे, हिचे पहिल्या लांबीसारखेच पडायचे. ती अजूनही हात मोजत असणार, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

दिल्लीत एशियाड झालं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तलाव रिकामा करून नव्या टाइल लावायचं काम निघालं. आता मी डेप्युटी इंजिनिअर होतो. कोरड्या तलावात पहिल्यांदाच उतरलो. टोकाच्या भिंतीजवळ गेलो आणि डोक्यावर सावली पडली. वर पाहिलं.

काठावरच्या दगडी फरशीला आम्ही कोपिंग म्हणतो. ती भिंतीच्या पुढे, आतल्या बाजूला, छज्ज्यासारखी आली होती. अर्धा फूट. समोरच्या टोकालाही तेवढीच. मी त्या वेळी कोपिंगपासून कोपिंगपर्यंत मोजलं होतं. पण पाण्याच्या टंचाईमुळे तलाव कधी काठोकाठ भरतच नसे. पोहणाऱ्याचा हात कोपिंगच्या खाली, मागे सरकलेल्या भिंतीवर पडायचा.

टेप भिंतीला लावला. पंचवीस मीटर तीस सेंटिमीटर. तीस सेंटिमीटर म्हणजे दीड वीत.

आठ लांब्यांचे दोन मीटर चाळीस. तेवढं पाणी कापायला तिला जवळजवळ दोन सेकंद लागत. ती हुकली होती एका सेकंदाने आणि अर्ध्या सेकंदाने. मी तिथेच तलावाच्या तळाशी बसलो. खलाशी म्हणाला, "साहेब, ऊन लागलं काय?"

मोठ्या साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"किती वर्षं झाली?"

"अकरा."

"कोणी तक्रार केली?"

"तेव्हा तोंडी केली होती, सर. मी ऐकली नाही."

"लेखी नाही ना? मग टाइलखाली प्लास्टरचा जाड थर घ्या, बरोबर पंचवीसवर आणा, फाइल बंद करा. उगाच जुनं कशाला उकरता? तुमचं प्रमोशन तोंडावर आहे."

भिंती पंचवीसवर आणल्या, कारण ते करायलाच हवं होतं. पण पत्रही लिहिलं. जुनं प्रमाणपत्र चुकीचं होतं, त्या तलावात घेतलेले टाइम जास्त अंतराचे होते, दोष माझा. एक प्रत संस्थेला, एक राज्याच्या निवड समितीला. मला लेखी ताकीद मिळाली आणि प्रमोशन पुढे गेलं. त्याची तक्रार नाही. तेव्हापासून कोणी मजूर किंवा गवंडी "साहेब, माप चुकून राह्यलं" म्हणाला की मी आधी टेप उघडतो, तोंड नंतर.

तिसरी प्रत घेऊन एका सकाळी तलावावर गेलो. नवं पाणी भरलं होतं. कुसुम ड्यूटीच्या आधी दहा-बारा मुलींना शिकवत होती. हात पुसून तिने पत्र वाचलं आणि घडी घातली.

"मले माहीतच होतं."

"मग पुन्हा का नाही सांगितलंत?"

"एकदा सांगतलं होतं ना. तुमी हासले, मंग सर हासले, मंग पोरी हासल्या. महिनाभर मले टेपबाई म्हणत होत्या. दुसऱ्यांदा कोण बोलते?" मग तिने मला खालून वर पाहिलं. "साहेब, तुमाले पोहता येते?"

"नाही."

"वाटलंच. एकदा जरी पाण्यात उतरले असते, त हात कुठं लागते ते समजलं असतं."

मी म्हणालो, "मला तुमची माफी मागायची आहे."

"मांगा ना. पण मले एकटीले बाजूले घेऊन नोका मांगू. हासले तवा सगळ्याइसमोर हासले होते."

तिने शिट्टी वाजवली. मुली पोहायच्या थांबल्या आणि काठ धरून लटकल्या. "पोरीहो, हे साहेब काय म्हणते ते आयका," ती म्हणाली आणि बाजूला सरकली.

मी म्हणालो, "मुलींनो, हा तलाव लांब आहे, असं या ताईंनी मला अकरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. त्यांचं बरोबर होतं. मी मोजलं नाही, वरून त्यांना हसलो. त्यांची दोन वर्षं माझ्यामुळे गेली. कुसुमताई, माझं चुकलं. मला माफ करा."