पुढचा की समोरचा

आमच्या जुळाऱ्याची एक गंमत आधी सांगतो, म्हणजे माणूस कळेल.

जुळारी म्हणजे छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून शब्द जुळवणारा माणूस. आता ते खिळे वितळले आणि छापखान्याच्या जागी बुटांचं दुकान आलं, पण गल्लीत याला अजून जुळारीच म्हणतात. खरं नाव त्याच्या लेकीला आणि दवाखान्याच्या केसपेपरला ठाऊक. खिळ्यावरचं अक्षर आरशात दिसावं तसं उलटं असतं. बेचाळीस वर्षं उलटं वाचून वाचून याला सरळ वाचणं म्हणजे पोरखेळ वाटायचा. मी एकदा त्याच्यासमोर बसून रहस्यकथा वाचत होतो. हा टेबलाच्या पलीकडून म्हणाला, "उलट आता पान. खून माळ्यानं केलाय." माझं पान अजून अर्धं व्हायचं होतं! तीन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

मी म्हणजे कंट्रोलर. बस स्टँडवर काचेच्या खोलीत माईकसमोर एकतीस वर्षं बसलो, त्याचं हे नाव. शिक्षण म्हणाल तर गावच्या एकखोली शाळेतलं, पण आवाज खणखणीत. गर्दी वाढली की मी सांगायचो, "प्रवाशांनी धक्काबुक्की करू नये, पुढची गाडी रिकामी येत आहे." पुढची गाडी एकतीस वर्षांत एकदाही रिकामी आली नाही. तरी लोक थांबायचे. माझ्या आवाजात तसं काहीतरी असावं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण लागणार आहे.

तर मागच्या वर्षी जुळाऱ्याला चष्म्याचा नंबर काढायला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. खोली लहान, म्हणून अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे उलटा छापून लावलेला आणि तो समोरच्या आरशात बघून वाचायचा. या पठ्ठ्यानं आरशाकडे बघितलंच नाही. मान वळवून मागचा तक्ताच घडाघडा वाचायला लागला! बाईंच्या हातातली काडी तशीच राहिली. मी पोट धरून हसत होतो. पण खालच्या तीन ओळींशी येऊन तो थांबला. आरशात बघितलं, तरी थांबला. मग बाईंनी दिवा लावून बराच वेळ डोळ्यांत पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढून सांगितलं, "काका, नजरेच्या मधोमध एक डाग धरतोय. तो पसरणार. कडेचं दिसत राहील, मधलं पुसट होत जाईल. वाचण्या-लिहिण्याचं काही काम मनात असेल तर ते याच वर्षात उरका. अक्षर मोठं ठेवलंत तर जमेल."

मनात काम होतं. जुळाऱ्याकडे सात वह्या होत्या. छापखान्यात घडलेल्या चुकांच्या! एखादा खिळा पडतो आणि काय अनर्थ होतो, ते सगळं तारीखवार. एका सभेच्या वृत्तांतात 'आ' पडला आणि 'शेवटी अध्यक्षांचे भार मानण्यात आले' असं छापून गेलं. अध्यक्ष खरोखरच शंभर किलोंचे होते. एका शाळेला दिलेल्या पुस्तकांवर चिकटवायच्या चिठ्ठीत अर्धा 'स' निसटला आणि 'वडिलांच्या मरणार्थ सप्रेम भेट' झालं. अशा चारशे अकरा चुका. याचं त्याला पुस्तक करायचं होतं, आणि एकच हट्ट होता.

"बेचाळीस वर्षं लोकांचे शब्द जुळवले," तो म्हणाला. "एकदा माझे, माझ्या हातानं. कुणाला सांगून लिहून घ्यायचं नाही."

माझ्या नातीनं उपाय सुचवला. ती असल्या यंत्रांतलंच काहीतरी शिकते. म्हणाली, "जुळारीआजोबा, टेबलावरचा कॉम्प्युटर घ्या, मोठ्या पडद्याचा. अक्षर ताटाएवढं करता येतं. बसून एकेक टाइप करा." मग जाता जाता माझ्याजवळ येऊन म्हणाली, "म्हणे नवीन येतोय आता. घाट पूर्ण बदललाय. पाटीसारखा पातळ, पडदा याच्या दीडपट. पण कधी येतो देव जाणे."

पहिलं वाक्य जुळाऱ्याच्या कानात राहिलं. दुसरं माझ्या.

आता कॉम्प्युटरच्या दुकानातली गोष्ट. दुकानात दोन यंत्रं मांडलेली. एक मागे फळीवर, लहान पडद्याचं. एक अगदी पुढ्यात टेबलावर, चांगल्या मोठ्या पडद्याचं. दुकानदार कानाला फोन लावून कुणाशी तरी हुज्जत घालत होता. जुळाऱ्यानं त्याला डोळ्यांचं सांगितलं. दुकानदारानं फोनवर हात ठेवला, हनुवटी उडवली आणि म्हणाला, "काका, तुम्ही पुढचा घ्या." आणि परत फोनला लागला.

पुढचा! आमच्या गुरुजींची आठवण झाली बघा. एका खोलीत चार इयत्ता. गुरुजी म्हणायचे, "हं, पुढचा वाच." म्हणजे पुढचा धडा. पण दर वेळी सगळ्यांत पुढे बसलेला गिड्डा उठायचा आणि कालचाच धडा वाचायचा, कारण पुढचा म्हणजे तोच! वर्षभर आम्ही एका धड्यावर. त्या गिड्ड्याला पुढचा म्हणजे समोरचा. मला, बस स्टँडवर जन्म गेलेल्याला, पुढचा म्हणजे नंतर येणारा.

"ऐकलंस?" मी जुळाऱ्याला म्हणालो. "दुकानदार स्वतः म्हणतोय पुढचा घ्या. नातही म्हणत होती, नवा येतोय. थांबू या."

"किती?"

"महिना, दोन महिने. आता घाई करून जुना घेशील आणि आठव्या दिवशी नवा येईल. मग बसशील हात चोळत."

त्याचा हात त्या टेबलावरच्या यंत्राच्या अक्षरांच्या पाटीवर होता. एकेका खुंटीवर बोट ठेवून तो 'क' कुठे आणि 'म' कुठे ते बघत होता. त्यानं हात काढून घेतला.

"तू म्हणतोस तर थांबू," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी हातपाय धुताना मला ती हनुवटी आठवली. हनुवटी कॅलेंडरकडे नव्हती उडाली, टेबलाकडे उडाली होती. चूळ भरता भरता माझ्या लख्ख ध्यानात आलं, दुकानदार समोरचा घ्या म्हणत होता. उठायचं, चार घरं चालायचं आणि सांगायचं, की बाबा, मी चुकीचं ऐकलं. एवढंच काम होतं.

नाही गेलो.

का, तेही सांगतो. दुसऱ्या दिवशी चार वाजता जुळारी पहिली वही घेऊन आमच्याकडे आला. "यंत्र येईपर्यंत तू वाचून दाखव. तोवर कुठली ठेवायची, कुठली गाळायची ते ठरवतो." मी वाचायला बसलो. काय हसलो म्हणून सांगू! आमची ही आतून दोनदा बघून गेली की यांना झालंय काय. मग रोजचंच झालं. चार वाजले की दाराची कडी वाजायची. निवृत्तीनंतर बारा वर्षांनी कुणीतरी माझा आवाज ऐकायला येत होतं. त्याच्या घरात यंत्र आलं असतं तर तो त्याच्यासमोर बसला असता, आणि मी चार वाजता कुणाची वाट बघितली असती?

तर मी मूग गिळले. दोन महिने झाले, चार झाले. जुळारी विचारायचा, "आला का रे पुढचा?" आणि मी नातीला फोन करून त्याला सांगायचो, "आला म्हणूनच समज." अगदी माईकवरच्या आवाजात.

सहाव्या महिन्यात त्यानं चहा कपाच्या शेजारी ओतला. बशीतही नाही, टेबलावर. मी फडकं आणून पुसलं आणि म्हणालो, "टेबलच हलतंय मेलं."  तो गेल्यावर आमच्या हिनं फडकं पिळता पिळता विचारलं, "ते समोरचं यंत्र का नाही घेऊ दिलंत त्यांना?"

"अगं, नवा येतोय ना."

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नका. पन्नास वर्षं ओळखते मी तुम्हाला. चार वाजायच्या आधी केस विंचरता हल्ली."

मी हसण्यावारी नेलं. पण त्या दिवसापासून चार वाजता कडी वाजली की मी आधी कंगवा लपवायचो. हसायचो, वाचायचो, आणि वाचता वाचता त्याच्या डोळ्यांकडे बघायचो. तो माझ्याकडे बघताना मान थोडी बाजूला करायला लागला होता. तेव्हाही सांगता आलं असतं.

आठव्या महिन्यात नवा आला. खरंच पाटीसारखा पातळ, उगाच नाव का ठेवू? दुकानदारानं कौतुकानं सुरू केला, एकच 'क' पडदाभर मोठा केला आणि जुळाऱ्याला समोर बसवलं. जुळाऱ्यानं मान डावीकडे केली, उजवीकडे केली, खाली घातली.

"दोन्हीकडचे गोल दिसतात," तो म्हणाला. "मधला दांडा नाही दिसत." मग अक्षर लहान करायला लावलं, तर सगळंच गेलं.

दुकानदार हळहळला. "काका, मी तर तेव्हाच म्हटलं होतं पुढचा घ्या. तेव्हाचा मोठ्या पडद्याचा इथे समोरच होता की टेबलावर!"

 जुळाऱ्यानं मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या भिंतीकडे. मी दिसायचा असेन तर त्याला तसंच बघावं लागायचं.

रस्त्यावर आल्यावर मी सगळं सांगितलं. हनुवटी, चूळ, चार वाजता वाजणारी कडी. काही राखलं नाही. तो ऐकत चालत होता, फुटपाथची कड पायानं चाचपत. त्याच्या फाटकापाशी आलो तेव्हा म्हणाला, "मला वाटलं, तुला ऐकायला कमी येतं. डोळे माझे, कान तुझे, असं म्हणून मी मनाची समजूत घालत होतो." आणि फाटक लावून घेतलं.

अकरा दिवस कडी वाजली नाही. चार वाजता मी आपला दाराकडे तोंड करून बसायचो.  बाराव्या दिवशी मीच गेलो. त्याच्या लेकीनं पाठवलेलं यंत्र टेबलावर होतं, तोच नवा घाट, वर टॉवेल झाकलेला. जुळारी खुर्चीत बसला होता, सातही वह्या मांडीवर.

"आलास?" तो म्हणाला. "बस तिकडे. यंत्रासमोर."

"मला कुठे येतं?"

"मलाही शिकायचंच होतं. टॉवेल काढ."

तेव्हापासून मी जुळवतो. एका बोटानं. तो कान देऊन बसतो आणि वेलांटी चुकली तर खुर्चीच्या हातावर बोट आपटतो. कशी कळते, विचारू नका. म्हणतो की मी थबकतो. शिव्या मात्र नव्या नव्या ऐकल्या. "एकतीस वर्षं गाड्या बरोबर सोडल्यास की तिथेही असाच?" मी ऐकून घेतो. पूर्वी याच वह्या वाचताना हसून डोळ्यांत पाणी यायचं. आता 'अध्यक्षांचे भार' जुळवायला चाळीस मिनिटं लागली आणि हसू आलं नाही. हे काम त्याच्या बोटांचं होतं, आणि ती बोटं खुर्चीच्या हातावर रिकामी बसलेली मला दिसत असतात. त्याला ती दिसत नाहीत, एवढंच.

परवा चारशे अकरावी चूक संपली. मी मान मोकळी करून उठणार, तेवढ्यात तो म्हणाला, "थांब. शुद्धिपत्र राहिलं. शेवटच्या पानावर. घे: 'पुढचा' याऐवजी 'समोरचा' असे वाचावे."

मी जुळवलं. शुद्धिपत्राखाली एक ठरलेलं वाक्य असतं, ते इतक्या वर्षांत त्याच्याकडूनच ऐकून पाठ झालेलं. ते मी आपणहून सुरू केलं आणि मोठ्यानं म्हणत गेलो, "वरील चूक नजरचुकीने..."

खुर्चीच्या हातावर बोट आपटलं.

"नजर माझी गेली, चूक तुझी. 'नजरचुकीने' काढ."

मी काढलं. एकेक अक्षर मागे जात पुसलं.

"मग काय लिहू?"

"ते तूच जुळव. माझ्या पुस्तकात खोटं नको, बस्स."

 बाहेर कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. 'ऐकण्यात आलेल्या चुकीने' लिहावं असं मनात आलं; ते संध्याकाळच्या चुळीपर्यंतच खरं होतं. मग शोधून शोधून तीन अक्षरं दाबली.

"काय टाकलंस?"

"मुद्दाम."

तो मान बाजूला करून खिडकीकडे बघत होता, म्हणजे माझ्याकडेच.

"'मु' ऱ्हस्व काढलास की दीर्घ?"

"ऱ्हस्व."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "राहू दे."