गाडीलाच दिसत नाय

अप्पांकडून गाडीची चावी काढून घेतली, त्या दिवसाइतका आगाऊपणा मी आयुष्यात दुसऱ्यांदा केलेला नाही. वडील माझे, गाडी त्यांची. माझ्या जन्माच्या आधीपासूनची, गोल दिव्यांची, सोफ्यासारख्या सलग सीटची. त्या संध्याकाळी सिल्लोडहून येताना त्यांनी ती सरळ मक्यात घातली. उभ्या मक्यात नाही, वाळत घातलेल्या. आमच्याकडं हंगामात निम्मा रस्ता गाड्यांचा अन् निम्मा मक्याचा असतो, कडेला दगड लावून ठेवतात. अप्पांनी दगड तेवढे बरोबर चुकवले.

शेतकरी धावत आला. आता हा आपल्याला धुणार म्हणून मी हात जोडायच्या तयारीत. त्यानं गाडीकडं पाहिलं, अप्पांकडं पाहिलं, अन् फार समजुतीनं म्हणाला, "काका, अंधार पडलाय. दिवे लावा की."

दिवे लावलेलेच होते. अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू साक्षीदार मिळाला. पण मी घाबरले होते, अन् घाबरले की मला फक्त चिडता येतं. त्यांना बाजूला सरकवून मी गाडी घरी आणली. वाटेत मलाही धड दिसत नव्हतं, पण ते रागामुळं असणार असं मी ठरवून टाकलं. घरी येताच चावी पर्समध्ये टाकली अन् जाहीर केलं, डोळे तपासल्याशिवाय गाडी नाही.

"मला दिसतं गं माय," अप्पा म्हणाले. "गाडीलाच दिसत नाय."

त्र्याहत्तराव्या वर्षी माणूस असंच म्हणणार, असं मी आईला म्हटलं. आई म्हणाली, चाळिसाव्या वर्षीही ते असंच म्हणायचे.

मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं आधीच झालेली. डॉक्टरबाईंनी तक्ता दाखवला तर अप्पांनी शेवटची ओळ वाचलीच, शिवाय खाली कोपऱ्यात छापखान्याचं बारीक अक्षर होतं तेही वाचून दाखवलं. मग आलोच आहोत तर, म्हणून मला खुर्चीत बसवलं, अन् मलाच नंबर निघाला. परतताना रिक्षात अप्पा नुसते गाणं गुणगुणत होते, ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

चूक कबूल करायची आमच्या घरात पद्धत नाही. मी अट बदलली. डोळे ठीक आहेत ना, मग आता दिवे ठीक होईपर्यंत चावी नाही. अप्पांना मोंढ्याजवळच्या त्यांच्या जुन्या वायरमनकडं जायचं होतं. मी कशाला जाऊ देते? वाळूजच्या कंपनीत मी इलेक्ट्रिकल पॅनल बनवते, दिवसभर रिले हाताखालून जातात. पोरांना शिकवते. एका गाडीच्या दोन दिव्यांसाठी बाहेरचा माणूस बोलवायचा म्हणजे माझी इज्जत काय राहिली?

रविवारी सकाळी बॉनेट उघडलं. मीटर लावला तर बॅटरीवर बारा व्होल्ट, दिव्यापाशी पोचेपर्यंत नऊ. मी अप्पांना समजावलं. बॅटरीतला करंट आधी स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत जातो, मग तितकाच परत पुढं येतो, तेही दोऱ्यासारख्या वायरीतून, म्हणून वाटेतच दम सोडतो. अप्पांना लगेच कळलं. आमच्या कॉलनीत आठ दिवसांनी पाणी येतं, अन् आमचं घर लाइनीच्या शेवटाला.

"अन् रिले म्हंजे?"

मी सांगितलं, दिव्यांना बॅटरीपासून थेट जाड वायर द्यायची. स्विचनं फक्त रिलेला इशारा करायचा, बाकी काम रिले करतो.

"म्हंजे शेजाऱ्यांनी थेट लाइनीला मोटर लावलीय, तसंच," अप्पा म्हणाले, अन् त्यांचा चेहरा पडला. जन्मभर त्यांनी नळाला मोटर लावली नव्हती, तत्त्व म्हणून. ह्या लाइनीवर आपण एकटेच आहोत, कुणाचं पाणी चोरत नाही, हे पटवण्यात माझा अर्धा तास गेला.

मग मी कामाला लागले. फ्यूज बसवले, दोन रिले बसवले. सगळ्या अर्थिंगच्या वायरी एकत्र करून मडगार्डजवळच्या एका बोल्टला आवळायला घेतल्या. अप्पा मागून म्हणाले, तिथं आधी खरवडायचं का? मी म्हटलं, अप्पा, मला शिकवू नका. ते स्टुलावर जाऊन बसले.

संध्याकाळी गाडी समोरच्या भिंतीकडं तोंड करून उभी केली. आई हळदकुंकू घेऊन आलेली, शेजारचे दोघे उगाच आलेले. मी स्विच ओढला. रिले टकटकटक करायला लागले अन् दिवे लग्नाच्या मांडवासारखे लुकलुकायला लागले. शेजाऱ्यांना वाटलं मुद्दाम केलंय. त्यांनी कौतुक केलं.

मी घामाघूम. पुन्हा सगळं तपासलं, काही सापडेना. शेवटी अप्पा उठले, पाना घेतला, तो बोल्ट सोडवला अन् पॉलिश पेपरनं त्याखालचा पत्रा घासायला लागले. दरवर्षी दसऱ्याच्या आधी अप्पा खिडक्यांना हिरवा ऑइलपेंट देतात, अन् उरलेला ब्रशनं बॉनेटखाली. पूजा होणार तर गाडी आतूनही नवी दिसली पाहिजे. जन्मभराच्या दसऱ्यांचे थर होते ते, अन् माझी अर्थिंग त्यांच्यावर बसली होती; पेंटमधून करंट पत्र्यात जातच नाही. पेंटवर अर्थिंग घेतली म्हणून मी कंपनीत पोरांना फाडून खाते. अप्पांनी पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरी आवळल्या, हात पुसले.

ह्या वेळी भिंत पांढरीफटक झाली. अप्पांनी लांबूनच तिच्यावरचं "येथे कचरा टाकू नये" मोठ्यानं वाचलं, अन् हात पुढं केला. मी चावी दिली.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही दोघं त्याच रस्त्याला लागलो. मका, दगड, सगळं लख्ख. समोरून येणारा ट्रॅक्टरवाला ओरडला, "काका, दिवे खाली करा की." अप्पा असे खूश झाले की विचारू नका.

थोडं पुढं गेलो अन् त्यांची गाडी हळू झाली. मग आणखी हळू. बिनदिव्याची मोटारसायकल, तिच्यावर चौघं. कडेला बसलेली कुत्री. खांद्यावर वैरण घेतलेली बाई, तिच्यामागं लहान पोरगी. अप्पांनी एका हॉटेलसमोर गाडी थांबवली अन् चावी काढून माझ्यापुढं धरली.

"काय झालं? दिसत नाही का?"

"दिसतंय की. लई दिसतंय." त्यांनी मागं वळून रस्त्याकडं पाहिलं. "आजवर मी ह्या सगळ्यातून गाडी नेत होतो व्हय?"

चावी मला हवी होती, महिनाभर त्यासाठीच भांडत होते. पण त्यांनी ती आपणहून दिली तेव्हा मला रडू आलं. ते म्हणाले, चष्मा घाल अन् चालव. पर्समधून नवा चष्मा काढला, लावला. घरापर्यंत अप्पा मला एकेक माणूस बोटानं दाखवत राहिले.