नर्सची भूमिका आणि आमच्या ह्यांचा विनय

ऐंशीच्या दशकात अमेरिकन टीव्हीवर आपल्यातला एखादा चेहरा दिसला, की न्यूयॉर्कजवळच्या पिस्कॅटवेमधली मराठी घरं एकमेकांना फोन करायची. त्या टीव्हीवर मी काम करत होते. आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. वाटू नये असंच ते काम होतं म्हणा! दुपारच्या एका मालिकेत मी नर्स होते. त्या मालिकेतल्या हॉस्पिटलात डॉक्टर रोज प्रेमात पडायचे, श्रीमंत बायकांची स्मरणशक्ती जायची, मेलेले नवरे परत यायचे, आणि मी ट्रे घेऊन आत येऊन ‘डॉक्टर येताहेत’ म्हणायचे आणि बाहेर जायचे.

त्या धंद्यात पाच ओळींच्या आतली भूमिका अशी एक वेगळी जातच असते. पाचाच्या वर बोललात तर तुम्ही नट, नाहीतर सेटवरचं सामान. आणि मी कोण? पुण्यात असताना दोन-दोन पानांची स्वगतं एका दमात म्हणणारी बाई. लग्न करून इथे आले. हे इंजिनिअर, सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे, आणि मी अपार्टमेंटमध्ये भिंतींशी बोलत बसायचे. शेवटी युनिव्हर्सिटीतल्या नाटकाच्या वर्गात नाव घातलं. तिथल्या बाईंनी न्यूयॉर्कच्या एका एजंटकडे पाठवलं आणि ऑडिशनची वणवण सुरू झाली. ज्योतिषीण, राजकन्या, मोलकरीण, कुठल्यातरी देशातून पळून आलेली निर्वासित. एकानं तर तोंडावर सांगितलं, की तू पुरेशी इंडियन दिसत नाहीस. आता काय हत्तीवर बसून येऊ, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण थँक यू म्हटलं आणि परतीची गाडी पकडली.

ह्यांनी मला कधी अडवलं नाही, हे खरं आहे. कौतुकही कधी केलं नाही. माझा भाग असला की व्हीसीआरवर न चुकता रेकॉर्ड करायचे, रात्री जेवताना लावायचे, आणि मी कसं वाटलं विचारलं की म्हणायचे, “बरं होतं. ट्रे जरा तिरका धरलेलास.” इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एखाद्या काकू माझ्याबद्दल चार शब्द चांगले बोलायला लागल्या, की हे त्यांना मध्येच तोडून म्हणायचे, छे हो, तिचं आपलं हौसेचं काम. आपल्या माणसाची स्तुती आपण करायची नाही आणि दुसऱ्यानं केली तर ती लगेच खोडून काढायची, हे ह्यांच्याकडून लहानपणापासून घोटून घेतलेलं. माझ्या माहेरीही तेच होतं, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

एकदा एका प्रसंगात मला मरणाऱ्या पेशंटचा हात धरून नुसतं बसायचं होतं. ओळ एकही नाही. पण काय झालं कुणास ठाऊक, ते लेखकमंडळींच्या नजरेत भरलं. नट निवडणाऱ्या बाई मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाल्या, की या नर्सला घर द्यायचं, कुटुंब द्यायचं, तिची स्वतःची गोष्ट लिहायची असं वरती चाललंय. म्हणजे करार, आणि आठवड्याचे पाचही दिवस काम. निर्मात्याशी बोलून त्या मला घरी फोन करणार होत्या. माझे पाय जमिनीवर ठरेनात. त्यानंतर मी फोनपासून हलायलाच तयार नव्हते. दूध संपलं तरी ह्यांनाच पिटाळायचे.

आणि फोन आला तेव्हा मी खाली लाँड्रीत होते.

कपड्यांची टोपली घेऊन वर आले तर हे अगदी खुशीत. “अगं, तुझ्या त्या मालिकेतल्या बाईंचा फोन होता. फार गोड बोलतात.” मी टोपली तिथेच टाकली. बाईंनी माझं खूप कौतुक केलं म्हणे. मग विचारलं, की रोज न्यूयॉर्कला येणं हिला जमेल का, घरच्यांची तयारी आहे का. त्यावर आमच्या ह्यांनी काय सांगावं? म्हणे, छे छे, ती काही एवढी मोठी नटी नाही, हौस म्हणून करते, तुमच्याकडे तिच्याहून चांगल्या पुष्कळ असतील, आमच्यासाठी उगाच त्रास घेऊ नका, अगदीच कुणी मिळालं नाही तर ती येईल. बाईंनी मनमोकळेपणाबद्दल आभार मानले, हेही ह्यांनी मला कौतुकानं सांगितलं.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! कपाळावर हात मारून घेतला. मी म्हटलं, अहो, ती मंडळातली काकू नव्हती. तुम्ही ‘नको’ म्हणायचं, तिनं ‘असं कसं?’ म्हणायचं, मग तुम्ही ‘हो’ म्हणायचं, हे तिला कुणी शिकवलंय? इथे माणूस नाही म्हणाला की नाही. ह्यांना कळेचना. मी उद्धटपणे वागलो का, हेच विचारत राहिले. उद्धटपणे वागला असतात तर फार बरं झालं असतं, असं मी म्हणाले, आणि त्या रात्री आमच्या घरात जेवण झालं नाही.

सकाळी ऑफिस उघडल्याबरोबर मी बाईंना फोन केला. त्यांच्या बोलण्यात सहानुभूती होती, म्हणजे काशी झालीच होती. ज्या बाईच्या नवऱ्याला ती नट वाटत नाही तिच्यावर इतका मोठा डाव लावायला निर्माता कचरतोय, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी म्हटलं, ते विनयानं बोलत होते. “कुणाबद्दल विनय?” त्यांनी विचारलं. मला समजावता येईना. शेवटी ठरलं, की माझ्या नवऱ्यानंच निर्णय व्हायच्या आत त्यांच्याशी बोलावं. मी ह्यांना ऑफिसातून बोलावून घेतलं आणि सांगितलं, की आता माझी स्तुती करा, जमेल तेवढी, लाज सोडून.

हे बेडरूममधल्या फोनवर, मी त्याच लाइनच्या स्वयंपाकघरातल्या फोनवर श्वास रोखून. आधी ह्यांनी नेहमीसारखं हवापाण्याचं विचारलं. मी दात-ओठ खात होते. मग हे इंग्रजीत म्हणाले, “काल मी खोटं बोललो. लग्नाआधी मी तिला पुण्यात स्टेजवर पाहिलं होतं. त्या नाटकाचे होते तेवढे सगळे प्रयोग मी पाहिले. आई-वडिलांना मीच सांगितलं, या मुलीचं स्थळ विचारा. ती काम करायला लागली की मला अजूनही भीती वाटते, की ही माझ्या घरात कशी काय राहते.”

मला वाटत होतं, मी ह्यांना पसंत पडले ती पत्रिका जुळली म्हणून.

पलीकडून बाई हळूच म्हणाल्या, की हे तुम्ही काल सांगायला हवं होतं. निर्मात्यानं तासाभरापूर्वीच ती गोष्ट नर्सकडून काढून हॉस्पिटलच्या वकीलबाईंना दिली होती. पुढे मालिकेतल्या माझ्या नर्सची दुसऱ्या शहरात बदली झाली, म्हणजे माझं तिथलं काम संपलं. तेही दुसऱ्याच नर्सनं एका वाक्यात सांगून टाकलं. त्यानंतर मी बरीच वर्षं इथल्या टीव्हीवर कामं केली, पण स्वतःचं घर असलेली बाई माझ्या वाट्याला कधी आली नाही.

हे बेडरूममधून स्वयंपाकघरात आले. चेहरा पडलेला. माझ्यामुळे तुझ्या कामावर पाणी पडलं, असं म्हणाले. त्या क्षणी मला त्या कामाचं काही पडलेलं नव्हतं. माझा संताप संताप होत होता. हे सगळं ह्यांच्याकडे होतं, इतकी वर्षं होतं, आणि मला मिळालं काय, तर ट्रे तिरका! ते ऐकायला मला परक्या बाईच्या फोनवर कान लावावा लागला.

मी म्हटलं, “तिला जे सांगितलंत, ते आता मला सांगा. मराठीत.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओट्यावरचं फडकं उचलून उगाच घडी घातली. मी वाट बघत उभी होते, कितीही वेळ उभी राहिले असते.

“चहा टाकू का थोडा?” हे म्हणाले.