मोकळे हात

विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटला होता त्या दिवसांत मी चितेगावच्या एका कारखान्यात होतो. गारखेड्याच्या कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा असायचो, तेव्हा ती म्हातारी मेंढरं घेऊन रोज समोरून जायची. नाव मी कधी विचारलं नाही. खांद्यावर घोंगडी, आणि दमलेलं कोकरू चालता चालता काखोटीला मारायची सवय.

एका सकाळी मोटारसायकलवरून आलेला एक माणूस वस्तीतल्या पोरांना रस्त्याकडेला दगडांचा ढीग रचायला लावत होता. त्यांत माझा दहा वर्षांचा मुलगाही होता. मला सगळं दिसत होतं, तरी मी बसची वाट बघत जागीच उभा होतो. त्या माणसाला सगळेच भ्यायचे.

मेंढरं घेऊन चाललेली म्हातारी थांबली. "लेकरायला कामून लावतो रं?"

"बारक्यायला पोलीस धरत नायत, आज्जी."

"गोळी काय वय इचारून लागती?"

एवढं बोलून तिनं एकेक कोकरू उचललं आणि एकेका पोराच्या पुढ्यात धरलं. "दोन्ही हातांनी धर. लई नाजूक हाय." पोरांनी हातातले दगड टाकून कोकरं घेतली. छातीशी कोकरू असलं की दगड उचलता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मेंढरं हाकली तशी पोरंही तिच्यामागं निघाली.

जाताना ती माझ्यासमोर आली. शेवटचं कोकरू तिच्याच काखेत होतं.

"तुमचे बी हात मोकळेच दिसतेत."

बस आली, थांबली आणि गेली. मी कोकरू घेऊन पोरांच्या मागं चाललो होतो.